चुकीच्या खालची ओळ

शाळेत मुलं मला रेघसर म्हणायची. समोर नाही, समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. बत्तीस वर्षं मी अकरावी-बारावीला गणित शिकवलं आणि पेपर तपासले. तपासायची माझी एक ठरलेली पद्धत होती. उत्तर वरून वाचत यायचं, पहिली चूक दिसली की तिच्याखाली तांबडी आडवी रेघ मारायची, आणि पुढे वाचायचं नाही. पायाच चुकला तर माडी कशाला बघायची, असं मी ऐटीत सांगायचो. आमच्या हिचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "माडीबिडी काही नाही, तुम्हाला जेवायची घाई असते."

गोष्ट माझी नाही, टेपताईची आहे. पण तिच्या गोष्टीत ही रेघ आडवी येते, म्हणून आधीच कबूल करून टाकलं.

निवृत्त झाल्यावर माणसाचं पोट सुटतं आणि जिभेवरचा ताबाही सुटतो. जिभेचं काही करता येत नाही, पोटासाठी पँटी सैल करून घेता येतात. त्यासाठी मी गल्लीच्या टोकाच्या शिवणाच्या दुकानात गेलो. तळमजल्यावरची एक खोली, तीन मशिनं, मधोमध कापायचं लांब टेबल. भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कागदाचे कापलेले नमुने लटकवलेले. कुठे बाही, कुठे कॉलर, कुठे खिसा. शाळांचे गणवेश हे तिथलं मुख्य काम. खिडकीपाशी स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ काजं करत बसलेले. आणि टेबलामागे चौतिशीची एक बाई, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. गल्लीतली पोरं तिला टेपताई का म्हणतात, ते विचारावं लागलं नाही. हिने मला नंतर सांगितलं, ती बाई लग्नाला येते तेव्हाही तिचा हात गळ्याशी टेप शोधत असतो.

"श्वास सोडा सर," ती म्हणाली. "आत ओढलेलं पोट घरी गेल्यावर बाहेर येतं आणि मग बोलणी मला बसतात."

मी श्वास सोडला. टेपवर साडेअडतीस आलं. तिने कागदावर एकोणचाळीस लिहिलं.

"साडेअडतीस होतं," मी म्हणालो. आकडा चुकलेला दिसला की माझा हात तांबडं पेन शोधायला लागतो.

"हो. पण लिहायचं एकोणचाळीस."

खिडकीतले गृहस्थ, म्हणजे तिचे वडील, मान वर न करता म्हणाले, "सैल झालं तर आवळता येतं. तोकडं पडलं तर तोंड लपवावं लागतं. अर्धा दिसला की पुढचा पुरा धरायचा. पन्नास वर्षं हेच करतोय."

मी निघालो तेव्हा टेपताई दारापर्यंत आली. म्हणाली, "सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडचा. सतरा वर्षं झाली."

मला काही आठवेना. हुशार पोरं लक्षात राहतात आणि वात्रट पोरं लक्षात राहतात. मधली सगळी निसटून जातात, आणि वर्गात मधलीच जास्त असतात.

"बारावीच्या पूर्वपरीक्षेत तुम्ही माझ्या एका उत्तराला दुसऱ्या ओळीखालीच रेघ मारली होती," ती म्हणाली. "खाली दीड पान होतं." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. बटण कुठे तुटलंय ते दाखवावं तसं तिने सांगितलं. पुढे बोर्डाच्या परीक्षेत ती फक्त गणितात गेली, चार मार्कांनी, आणि वडिलांच्या मशिनवर बसली.

आता तिला कपड्यांचे नमुने आखायचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत जायचं होतं. "आत्ता आम्ही दुसऱ्याने आखलेल्या कागदावरून कापतो सर. मला तो कागद आखायचाय." संस्थेच्या अटी दोन होत्या. बारावी गणितासह पास, आणि वय पस्तिसाच्या आत. पुढच्या पावसाळ्यात तिला पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे या खेपेला गणित सुटलं तर सुटलं, नाहीतर दार कायमचं बंद. परीक्षेचा फॉर्म तिने भरूनही टाकला होता. नवरा छापखान्यात कामाला. तो म्हणाला होता, "स्वयंपाकाचं मी बघतो, गणिताचं तू बघ." यातलं कुठलं काम अवघड, यावर त्यांच्यात अजून वाद आहे.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरीने काही विचारायच्या आत गाढवानेच पाय पुढे केले. मी म्हणालो, "संध्याकाळी येत जा. नाहीतर असं कर, मीच येतो. तुझं टेबल मोठं आहे."

पहिल्या दिवशी मी तिची परीक्षा घेतली आणि मला घाम फुटला. सतरा वर्षांत बाई सगळं विसरली होती. कलनशास्त्र तिच्याकडून होणार नव्हतं, आणि चार महिन्यांत मी ते करून घेऊ शकलो नसतो. शंभराचा पेपर, पस्तिसाला पास. मी टेबलावर खडूने हिशोब मांडला. त्यात सांख्यिकीचे चोवीस मार्क होते. आमच्या वेळेस आम्ही मास्तर मंडळी सांख्यिकीला गणित मानतच नव्हतो. ज्याला काही येत नाही त्याने सरासरी काढावी, असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो आणि हसायचो. पण बुडत्याला काडीचा आधार. चोवीसातले वीस इथून आणायचे, उरलेले इकडून तिकडून वेचायचे, असं ठरलं.

उत्तर लिहायची रीत मी तिला पहिल्यापासून शिकवली. प्रश्न दोनदा वाच, काय मागितलंय त्याखाली खूण कर. तक्ता आख, पण रकाने किती लागणार ते आधी मोज, नाहीतर शेवटचा रकाना समासात कोंबावा लागतो. वारंवारतेची बेरीज प्रश्नात दिलेल्या एकूण संख्येशी जुळली का बघ, ती जुळल्याशिवाय पुढे हात घालू नकोस. सूत्र लिही, मग किमती घाल, मग उत्तर, आणि उत्तरापुढे किलो का मिनिटं ते लिही. शेवटी एक वाक्य लिही, की हा आकडा काय सांगतो. "परीक्षक तुझं डोकं उघडून बघत नाही," मी सांगितलं, "तो पायऱ्या बघतो. पायरी दिसली की मार्क."

"कापायच्या आधी आखून घ्यायचं, एवढंच ना," ती म्हणाली.

एवढंच होतं. आणि मग मला हळूहळू कळायला लागलं की या बाईला सांख्यिकी शिकवायची गरज नाही, फक्त नावं सांगायची गरज आहे. मी मध्यक शिकवायला लागलो तर ती म्हणाली, शाळेत मापं घ्यायला गेलं की सगळ्या वर्गाला उंचीप्रमाणे उभं करतो, मधल्या पोराला बघितलं की वर्गाचा अंदाज येतो. सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा म्हणजे बहुलक, असं सांगितलं तर म्हणाली, "बत्तीस नंबर. दरवर्षी तोच आधी संपतो." सरासरी शिकवताना मात्र तिने नाक मुरडलं. म्हणाली, "सरासरी मापाचा शर्ट शिवला ना सर, तर तो कोणालाच बसत नाही." बत्तीस वर्षांत मी शेकडो पोरांना सरासरी शिकवली, हे वाक्य मला कधी सुचलं नाही आणि कोणा पोराने ऐकवलं नाही.

प्रमाण विचलनाला मी घाबरत होतो. तिथे सगळ्यांचं घोडं अडतं. वर्ग करा, वजा करा, वर्गमूळ काढा, आणि हे सगळं कशासाठी ते कोणालाच माहीत नसतं. खरं सांगायचं तर मीही सूत्र फळ्यावर लिहून मोकळा व्हायचो. ती म्हणाली, "दोन शाळांची कामं आहेत आमच्याकडे. एका शाळेत पोरं सगळी एकासारखी एक, तीन साइझमध्ये भागतं. दुसरीत काडीपासून पिंपापर्यंत, सात साइझ लागतात. सरासरी काढली तर दोन्हीकडे बत्तीसच. मग हे विचलन म्हणजे साइझ किती लागतील तेच ना?"

मी चष्मा काढून पुसला. घरी येऊन हिला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला शिकवणारं कोणीतरी भेटलं एकदाचं."

एवढं सगळं येऊनही तिची उत्तरं चुकत होती. दर वेळी, आणि दर वेळी थोडीशी. पुस्तकात सरासरी सत्तेचाळीस पॉइंट दोन, टेपताईची सत्तेचाळीस पॉइंट सात. रीत बरोबर, बेरजा बरोबर, गुणाकार बरोबर. तीन दिवस मी पुस्तकाला शिव्या घातल्या, छापखान्याला घातल्या, मग तिला घातल्या. चौथ्या दिवशी मी तिच्या शेजारी उभा राहून तिचा हात बघत बसलो. आकड्यांचा गट, म्हणजे वर्ग, होता दहा ते पंधरा. त्याचा मधला आकडा, म्हणजे वर्गमध्य, साडेबारा. तिने बिनदिक्कत तेरा लिहिलं.

"साडेबारा," मी ओरडलो.

"हो, म्हणून तेरा."

"कशावरून?"

तिच्या हातून काही वावगं घडलंय हे तिला खरंच दिसत नव्हतं. खिडकीतून वडील म्हणाले, "बरोबर लिहिलंय पोरीने. साडेबारा धरून कापलं आणि तोकडं पडलं म्हणजे?"

"हे कोणी अंगात घालणार नाहीये," मी म्हणालो. "हे गणित आहे."

"मग अर्ध्याने काय बिघडतंय?" म्हातारबुवांनी विचारलं आणि दोरा दाताने तोडला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि ही तर सात-आठ वर्षांची असल्यापासून, वडील सांगतील ती मापं लिहून घेताना लागलेली खोड. मी समजावलं, ओरडलो, एकाच वर्गमध्याचा आकडा पन्नास वेळा लिहायला लावला. समोर बसलो की अर्धा बरोबर यायचा, चार दिवस गेलो नाही की परत तेरा. शेवटी उपाय तिनेच काढला. गणिताला बसायच्या आधी गळ्यातली टेप काढून ती वडिलांच्या मशिनवर ठेवायला लागली. "टेप गळ्यात असली की मी शिवायला बसलेय असं हाताला वाटतं," ती म्हणाली. मला हे खूळ वाटलं. पण त्या दिवसापासून साडेबाराचे साडेबाराच राहिले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी टेप मशिनवर ठेवून ती गेली. केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिला अडवलं, म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं. तिने ओळखपत्र दाखवलं तर त्याने ते दोनदा वाचलं आणि तिला सलाम ठोकला. हे तिने नंतर हसत सांगितलं. आधी सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं.

पेपर सुटल्यावर मी दुकानात बसून होतो. ती आली, टेबलावर प्रश्नपत्रिका ठेवली आणि म्हणाली, "सर, माझ्या हातून झालं."

"काय झालं?"

"तेच."

बारा मार्कांचा मोठा प्रश्न होता. शंभर पार्सलांची वजनं किलोमध्ये, वीस ते पंचवीस, पंचवीस ते तीस, असे पंचेचाळीसपर्यंत पाच वर्ग. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, आणि शेवटी दुसऱ्या एका गोदामाचे आकडे देऊन विचारलं होतं, कोणत्या गोदामाची पार्सलं वजनाने जास्त एकसारखी. हा प्रश्न म्हणजे आमच्यासाठी पंचपक्वान्नांचं ताट. तिने तक्ता आखला, रकाने मोजले, वारंवारतेची बेरीज शंभर आली. सगळं सांगितल्याबरहुकूम. आणि वर्गमध्य लिहिले तेवीस, अठ्ठावीस, तेहेतीस, अडतीस, त्रेचाळीस.

"टेप इथेच होती ना?" मी विचारलं.

"होती. पण बाक डुगडुगत होता सर, वर्गात सगळी सतरा वर्षांची पोरं, आणि पहिलीच घंटा झाली तेव्हा माझे हात थंड पडले. मग हात आपोआप चालायला लागला. मला वाटलं, बरं झालं, चालतोय."

सगळे वर्ग करून, बेरजा करून, वर्गमूळ काढून झाल्यावर तिने उजळणी केली आणि तेव्हा तिला दिसलं, की एकाही वर्गमध्याला अर्ध्याची शेपटी नाही. दहा मिनिटं उरली होती. कॅल्क्युलेटर चालत नाही. साडेबाविसाचा वर्ग, साडेसत्ताविसाचा वर्ग, परत सगळ्या बेरजा, ते वीस मिनिटांचं काम होतं.

"मग?" मी म्हणालो. "खोडलंस? सोडून दिलंस?"

"नाही. मी बाबांचा विचार केला."

मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "बाबा सगळ्याच पोरांना अर्धा इंच जास्त धरतात. म्हणून काय पोरं एकमेकांपासून लांब जातात? काडी काडीच राहते, पिंप पिंपच राहतं. सगळेच अर्ध्याने पुढे सरकले तर साइझ तेवढ्याच लागणार. मग मी तक्त्याला हातच लावला नाही. खाली लिहिलं, की वर सर्व वर्गमध्य चुकून अर्ध्याने जास्त घेतले गेले आहेत, म्हणून सरासरीतून अर्धा वजा करावा, तेहेतीस पॉइंट एकऐवजी बत्तीस पॉइंट सहा. प्रमाण विचलनात फरक पडत नाही, कारण सगळे आकडे सारखेच सरकले. ते पाच पॉइंट चार तीन तसंच ठेवलं. आणि पहिलं गोदाम जास्त एकसारखं, कारण फैलाव कमी." ती थांबली. "असं चालतं का सर?"

मी कागद घेतला आणि सुरुवातीपासून सोडवलं. सरासरी बत्तीस पॉइंट सहा. प्रमाण विचलन पाच पॉइंट चार तीन. तिने जे लिहिलं होतं ते शब्दन् शब्द बरोबर होतं. हा नियम पुस्तकात आहे. मी तो दरवर्षी एका मार्कासाठी पाठ करायला सांगायचो. टेपताईला मी तो सांगितलाही नव्हता, कारण चार महिन्यांत वेळ कुठे होता. तिने तो डुगडुगत्या बाकावर दहा मिनिटांत स्वतः शोधून काढला होता.

"चालतं," मी म्हणालो. पुढचं मला म्हणायचं नव्हतं, पण तिने मला सरळ विचारलं होतं. "चालतं, जर परीक्षकाने खालची ओळ वाचली तर."

मग आम्ही बाकीचा पेपर मांडला. पेपर बघून मार्क सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, एका-दोनाच्या पलीकडे मी कधी चुकलेलो नाही. तिने प्रत्येक उत्तर आठवून सांगितलं आणि मी मार्क देत गेलो. मोठा प्रश्न सोडून सत्तावीस. त्यात बारा पडले तर एकोणचाळीस, पास. आणि परीक्षक माझ्यासारखा असला तर तो पहिल्या रकान्यात तेवीस बघणार, रेघ मारणार, सूत्राचा एक मार्क देणार. अठ्ठावीस. नापास, कायमची.

पुढचे सहा आठवडे माझे वाईट गेले. तिचे कसे गेले ते तिने दाखवलं नाही, ती गणवेश शिवत होती. मी मात्र घरात येरझाऱ्या घालायचो. किती पेपर तपासले असतील मी? बत्तीस वर्षांत हजारो. त्यातल्या कितींच्या खाली अशी एखादी ओळ असेल, हे मला आता कधीच कळणार नाही. हिला म्हणालो, "मी वाईट परीक्षक होतो." वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "भाजी गार होतेय, जेवून घ्या." पण वाढताना तिने भाजी दोनदा वाढली.

निकालाच्या दिवशी मी अकरा वाजताच दुकानात जाऊन बसलो. टेपताई निकाल आणायला शाळेत गेली होती. म्हातारबुवा काजं करत होते. त्यांना मी विचारलं, "काळजी नाही वाटत?" ते म्हणाले, "अर्धा इंच जास्तच धरलाय ना तिने? मग पुरेल."

ती आली. गुणपत्रिका तिने माझ्यापुढे टेबलावर ठेवली, शर्टाचं कापड पसरावं तशी हाताने सपाट केली. गणित, अडतीस.

मी सत्तावीस वजा केले. अकरा उरले. पुन्हा वजा केले. बारातले अकरा. एक कापला होता आणि तो कापायलाच हवा होता, मी त्याच्यावर भांडलो नसतो. कुठल्या तरी गावातल्या, कुठल्या तरी टेबलावर, ढिगातला कितवा तरी पेपर तपासताना कोणीतरी चूक बघितली होती आणि तरी खाली वाचत गेला होता किंवा गेली होती. मला त्या माणसाचे हात धरावेसे वाटले. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. माझं वय झालंय, आता काय लपवायचं.

"मी असतो तर रेघ मारली असती," मी तिला म्हणालो. "तू नापास झाली असतीस."

"तसं नाही सर."

"तसंच."

तिने गुणपत्रिका उचलून घेतली. मग म्हणाली, "आमच्यात शिलाई चुकलेली दिसली की कपडा टाकून देत नाहीत. उसवत जायचं. चांगली शिलाई लागली की थांबायचं, तिथून पुढे परत शिवायचं."

मग मी तो प्रश्न विचारला, जो इतके महिने माझ्या मनात अडकला होता. "त्या पूर्वपरीक्षेच्या पेपरात, रेघेखाली दीड पान होतं म्हणालीस. काय होतं त्यात?"

ती उठली आणि भिंतीपाशी गेली. चौथ्या खिळ्यावरून तिने कागदांचा जुडगा काढला, चाळला, आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. तो कॉलरचा नमुना होता. शिंप्याच्या घरात कागद वाया जात नाही. वर्तमानपत्र, खाकी कागद, जुन्या वह्या, सगळ्याचे नमुने होतात. हा नमुना एका उत्तरपत्रिकेतून कापलेला होता. वरच्या कडेला माझी तांबडी रेघ होती, सतरा वर्षांत फिकी पडलेली, पण माझीच.

"इतकी वर्षं मी तो नुसताच वापरला, कधी वाचला नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझी अर्ध्याची खोड पकडलीत ना, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर काढून पाहिला. सरासरी आणि प्रमाण विचलनच होतं सर. रीत बरोबर आहे. फक्त वर्गमध्य अर्ध्याने जास्त आहेत."

"आणि बोर्डाच्या परीक्षेत? तिथे हा प्रश्न कसा गेला?"

"तो मी सोडवलाच नाही. वाटलं, हे आपल्याला येतच नाही." ती हे साधेपणाने म्हणाली, माझ्याकडे न बघता.

चार मार्कांनी गेली होती ती.

मी कागद खिडकीच्या उजेडात नेला आणि चष्मा लावून रेघेखालपासून वाचायला लागलो. मान बसायला जिथे गोल कापलं होतं तिथे मधले आकडे गेले होते, ते मी मनात भरत गेलो. तक्ता नीट होता, रकाने पुरे होते, वारंवारतेची बेरीज जुळत होती. सूत्र बरोबर. वर्गमूळ बरोबर. शेवटी एक वाक्यसुद्धा होतं, मी शिकवलेलं नव्हे, तिचं स्वतःचं: मुलं एकमेकांपासून साधारण एवढ्या अंतरावर आहेत. मी अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग तिच्याकडे हात पुढे केला. तिला कळलं. तिने कानावरचा खडू काढून दिला.

आठ मार्कांचा प्रश्न होता. मी कोपऱ्यात सात लिहिले, आणि पूर्वी करायचो तशी खाली सही केली.

टेपताईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. खिडकीतून म्हातारबुवा म्हणाले, "त्याच्यावर जास्त काही लिहू नका सर. त्या कॉलरचे अजून चाळीस शर्ट काढायचेत."

तिने मशिनवरची टेप उचलून गळ्यात घातली, कागद कापडावर ठेवला आणि कडेने आखायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात संस्था सुरू होणार होती, त्याआधी ते काम संपवायचं होतं.